मर्टलमध्ये रिकामं भांडं परत करत नाहीत

सुशीलाकाकूंचा स्टीलचा डबा मागच्या आठवड्यात मर्टलहून कुरियरने परत आला. आत रुबार्ब नावाच्या आंबट देठांच्या मुरांब्याची बरणी होती आणि ती हलू नये म्हणून भोवती गावच्या साप्ताहिकाचे बोळे कोंबले होते. डबा पोचल्याचं खुद्द काकूंनी फोनवर सांगितलं. मुरांबा चांगला असल्याच्या बातमीला माधवकाकांनी मागून दुजोरा दिला. त्यांचं तोंड भरलेलं असल्यामुळे शब्द कळले नाहीत, पण हुंकार होकाराचाच होता.

हा डबा वर्षानुवर्षं असा ये-जा करतो आहे. मध्यंतरी एकदा ही ये-जा कायमची थांबता थांबता राहिली, तेव्हा मी तिथे होतो. अमेरिकेत फिरायला जाणारे आपले लोक मोठी शहरं आणि मोठे धबधबे बघून येतात. मधल्या सपाट मुलखातल्या एखाद्या गावात चार दिवस राहावं असं कुणाच्या मनात असेल, तर त्याच्यासाठी हे लिहितो आहे. सूचना दोनच. पोटात जागा ठेवून जा. आणि कुणी हातात भांडं दिलं तर घेण्याआधी विचार करा.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरचा उन्हाळा होता. पुण्याच्या वर्तमानपत्रातून मोठी रजा काढून मी जर्सी सिटीला नलूताईकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे आलो होतो. नायगारा बघायचा बेत ठरला होता. तेवढ्यात नेब्रास्कातून काकूंचा फोन आला. माधवकाका आमच्या वडिलांचे नागपूरचे मित्र. मर्टल नावाच्या खेड्यात ते एकुलते एक डॉक्टर होते. आता ते दोघं टेक्ससमध्ये प्लेनोला राहायला जाणार होते. सामान बांधायला आणि ट्रक चालवायला कुणीतरी हवं होतं, कारण काकांची कंबर धरलेली होती.

"तू जा," ताई म्हणाली. "नाहीतरी इथे सोफ्यावर पडून टीव्हीच बघतोयस."

"आणि नायगारा?"

"तो कुठे पळून जातोय का? इतकी वर्षं पडतोच आहे, अजून पडत राहील."

असा माझा नायगारा कॅन्सल झाला.

न्यूयॉर्कहून लांब पल्ल्याची बस पकडली. बसने जाणार असाल तर पाठीमागच्या बाकाचा मोह टाळा, कारण संडास तिथेच असतो. शिकागोला बस बदलावी लागते. तिथल्या स्टँडवरचं सँडविच मी खाल्लं, तुम्ही खाऊ नका. ताईने दिलेले मेथीचे ठेपले आयोवापर्यंत पुरले. शेजारच्या सीटवरच्या आजोबांनी एक मागून घेतला आणि हे गुंडाळून आत काय भरायचं असतं, असं विचारलं. काही नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे फार सहानुभूतीने पाहिलं. आयोवात खिडकीबाहेर मका सुरू झाला. मी झोपलो, उठलो, तरी मका चालूच होता. ओमाहाला पुन्हा बस बदलली आणि एका पेट्रोल पंपावर उतरलो. तिथे एक दाढीवाले साधुपुरुष पाठीला हात लावून उभे होते.

"अरे, मी माधवकाका," साधुपुरुष म्हणाले. "दाढीवर जाऊ नकोस. सरकारी हुकूम आहे."

हुकूम गावच्या मेयरचा होता. मर्टलला त्या शनिवारी शंभर वर्षं पुरी होत होती. त्या निमित्ताने प्रत्येक पुरुषाने पूर्वजांसारखी दाढी वाढवायची, असं वसंत ऋतूतच ठरलं होतं. त्या भागातल्या बऱ्याच गावांत शताब्दीला ही पद्धत असते. मर्टलची अडचण एवढीच होती की गावचा मेयर अर्ल हाच गावचा न्हावी होता. हुकूम काढताना त्याच्या ते लक्षात आलं नाही. आता तो दिवसभर आपल्याच खुर्चीत बसून आपलीच दाढी विंचरत असे.

गावाच्या वेशीवर नाव आणि लोकसंख्या लिहिलेली हिरवी पाटी होती. शेवटचा आकडा खोडून त्यावर नवा रंगवलेला होता.

"गेल्या बुधवारी बाळंतपण झालं," काका म्हणाले. "पाटीवाल्याने एकच धरलं होतं, जुळं निघालं."

गाव म्हणजे एक रुंद रस्ता. एका टोकाला रेल्वेचा रूळ आणि धान्य साठवायचा पांढरा, देवळाच्या शिखरापेक्षा उंच मनोरा. दुसऱ्या टोकाला पाण्याची टाकी. मध्ये पोस्ट, न्हाव्याचं दुकान, एक कॅफे, बंद पडलेलं सिनेमा थिएटर, समोरासमोर दोन चर्च आणि काकांचा दवाखाना. या दवाखान्यानंतरचा डॉक्टर तासाभराच्या ड्राइव्हवर होता, आणि हिवाळ्यात बर्फ पडला की तोही नसल्यातच जमा.

काकूंनी दारातच माझ्या हातात लाडू ठेवला आणि मी बूट काढायच्या आत विचारलं, "पुण्याला पाऊस झाला का? कांदा काय भाव आहे? तू बोल रे काहीही. मराठी ऐकायला कान आसुसलेत माझे. हे तर घरी आले की पेपरात डोकं घालतात."

"मी मराठीतच गप्प असतो," काका म्हणाले.

प्लेनोला जायचं होतं ते यासाठीच. तिथे मराठी कुटुंबं होती, गणपती बसत होता, मुलगा अजित जवळच्याच कॉलेजात होता. काकूंनी वर्षानुवर्षं हट्ट धरला होता आणि अखेर काकांनी तिथल्या एका दवाखान्याला होकार कळवला होता. सोमवारी निघायचं. सामान बांधायला म्हणून मी स्वयंपाकघरात शिरलो आणि थबकलो. ओट्यावर, टेबलावर, फ्रिजवर, खिडकीत, सगळीकडे भांडी होती. काचेची, चिनी मातीची, पत्र्याची, झाकणवाली, बिनझाकणाची. प्रत्येकाच्या बुडाला कागदी चिकटपट्टी आणि तिच्यावर नाव.

"ही सगळी पॅक करायची?"

"यातलं एकही आपलं नाही," काकू म्हणाल्या. "आपली गावात आहेत."

त्याचं असं झालं होतं. काका-काकू मर्टलला नवे आले, त्या आठवड्यात गावातल्या बायकांनी रीतीप्रमाणे जेवणं करून आणून दिली. पहिली आली शेजारची डोरथी, शाळेतून रिटायर झालेली मास्तरीण. तिने काचेच्या भांड्यातून ॲपल पाय, म्हणजे सफरचंदाचं गोड सारण भरून भाजलेली जाड पोळी आणली. काकूंनी भांडं घासलं, आणि आपल्याकडे रिकामं भांडं परत करत नाहीत म्हणून त्यात शंकरपाळे भरून दिले. डोरथीला वाटलं, ही भेट आली. भेटीला भेट द्यायला हवी. तिने त्याच भांड्यात बिस्किटं भरून पाठवली. काकूंना वाटलं, भांडं पुन्हा आलं, आता पुन्हा रिकामं कसं देणार. त्यांनी चिवडा भरला.

पहिल्या दिवाळीला काकूंनी गावभर स्टीलच्या डब्यांतून फराळ वाटला आणि ते डबेही या फेऱ्यात सापडले. डोरथीने कारण विचारलं तेव्हा काकूंनी तिला पद्धत समजावून सांगितली. डोरथीने ती मास्तरणीच्या शिस्तीने दोन्ही चर्चच्या महिला मंडळांत शिकवली. तेव्हापासून मर्टलमध्ये कुणी कुणाला रिकामं भांडं परत केलेलं नव्हतं.

"म्हणजे हे सगळं तुमच्यामुळे," मी म्हणालो.

"चूक झाली खरी," काकू म्हणाल्या. "पण आता थांबवणार कोण?"

त्यांनी बेत आखला होता. दोन दिवसांत सगळ्यांची भांडी शेवटचं काहीतरी भरून परत करायची आणि प्रत्येकीला सांगायचं की बाई गं, आता काही पाठवू नकोस, आम्ही सोमवारी चाललो. आपण जाणार हे दोघांपैकी कुणीच अजून गावाला सांगितलेलं नव्हतं. काकांनी ते काम काकूंवर सोपवलं होतं. पेशंटना सांगितलं तर त्यांचं बीपी वाढेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

गुरुवारी काकांच्या लांबलचक स्टेशन वॅगनमध्ये मागे भांडी लावून आम्ही निघालो. गाडीत काकू वाक्याची तालीम करत होत्या.

"मी म्हणते, वुई आर मूव्हिंग टू टेक्सस. तू बाई हो."

"ओ नो," मी बाई होऊन म्हणालो.

"असं म्हणाली तर मी रडेन. दुसरं काहीतरी म्हण."

"ओके."

"एवढंच? इतकी वर्षं राहिलो, आणि ओके?"

पहिला थांबा पोस्ट. पोस्टमास्तरीणबाईंनी भांडं घेतलं, झाकण उचलून बेसनाच्या वड्यांचा वास घेतला आणि त्या आत निघून गेल्या. काकू काउंटरला धरून ओठांतल्या ओठांत वाक्य म्हणत राहिल्या. बाई बाहेर आल्या तेव्हा तेच भांडं धुतलेलं होतं आणि त्यात मक्याचा केक होता.

"सू," त्या म्हणाल्या. सुशीलाची तिथे सू झालेली होती. "टेक्ससमध्ये सध्या हवा कशी असेल गं?"

"गरम असेल," काकू म्हणाल्या, आणि आम्ही केक घेऊन बाहेर आलो.

"काकू, तिला कळलंय."

"छे रे. हवेची चौकशी केली तिने."

"टेक्ससच्या?"

"इथे सगळे हवेचंच बोलतात. गाडी काढ."

धान्याच्या मनोऱ्याच्या ऑफिसात एक गृहस्थ वजनकाट्याशी बसले होते. त्यांची बायको काकूंची मैत्रीण. त्यांनी चिवड्याचं भांडं घेतलं, त्यातला शेंगदाणा वेचून खाल्ला आणि म्हणाले, "सू, माझ्या गुडघ्यासाठी डॉकनी ऑक्टोबरमध्ये परत यायला सांगितलंय. येऊ ना?" काकू म्हणाल्या, "या की." बाहेर आल्यावर त्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं. मागच्या सीटवर त्या गृहस्थांच्या बागेतल्या काकडीसारख्या झुकिनी भाज्यांची टोपली होती. ती कधी ठेवली ते आम्हाला कळलंच नाही. उन्हाळ्यात त्या गावात लोक गाडी लॉक करतात ती चोरांच्या भीतीने नव्हे, तर शेजारी झुकिनी आणून टाकतात म्हणून. हे लक्षात ठेवा.

कॅफेत कॉफी स्वस्त होती आणि कप रिकामा झाला की न विचारता भरत होते. कप रिकामा ठेवायचा नाही हा नियम तरी त्यांनी काकूंकडून घेतला नसावा. खिडकीजवळच्या टेबलावर सात-आठ दाढीवाले म्हातारे रोज बसत. गावाचा इतिहास मला तिथे कळला, आणि दोन कळले. रेल्वेने हा रूळ टाकला तेव्हा ठराविक अंतरावर स्टेशनं आखली आणि नावं द्यायचं काम एका इंजिनिअरकडे सोपवलं. या स्टेशनाला त्याने मर्टल नाव दिलं, ते आपल्या सासूचं. हे अर्ध्या टेबलाचं मत.

"सासू नव्हती," उरलेल्या अर्ध्यातला एक म्हणाला. "खेचर होतं. माझ्या आजोबांनी त्याला चारा घातलाय."

"तुझ्या आजोबांनी माझ्या आजोबांचा पण चारा खाल्लाय."

शताब्दीसाठी दगड कोरायचा होता आणि कमिटी सहा महिने यावरून भांडत होती. अखेर अर्लने तोडगा काढला. दगडावर लिहिलं, 'मर्टलच्या प्रेमळ स्मृतीस'. पाय किती होते त्याचा उल्लेख नाही.

मी हे ऐकत होतो तेवढ्यात मागून खांद्यावर हात पडला. अर्ल होता. त्याने माझी हनुवटी वर करून उजेडात तपासली. मी ओमाहाला घोटून दाढी केली होती.

"सॉरी, मित्रा," तो म्हणाला. "कायदा म्हणजे कायदा."

त्याच्या दुकानासमोर शाळेच्या पोरांनी बनवलेला लाकडी पिंजरा होता. मला त्यात बसवलं. येणारेजाणारे थांबून हात मिळवत होते. मी कुठला, पुण्यात बर्फ पडतो का, डॉकचा पुतण्या का, अशी चौकशी करत होते. गावात नवी ओळख करून घ्यायला याहून सोयीची जागा मी पाहिली नाही. सुटकेसाठी जामीन खाण्याच्या रूपात द्यायचा असतो. काकूंनी मेथडिस्ट चर्चच्या सेक्रेटरीसाठी ठेवलेलं शंकरपाळ्यांचं भांडं अर्लला दिलं.

"सोड त्याला. मला ट्रक चाल..." काकू म्हणाल्या आणि थांबल्या.

"ट्रक?" अर्लने विचारलं.

"ट्रक चालतात रस्त्यावर. मुलाला धडकेल एखादा."

अर्लने शंकरपाळे स्वतःच्या डब्यात ओतले आणि सेक्रेटरीच्या भांड्यात आपल्या बायकोचं लोणचं भरून काकूंना परत दिलं. आता ते भांडं कुणाचं देणं होतं, याचा हिशोब माझ्या डोक्यात बसेना.

"सोपं आहे," काकू म्हणाल्या. "सेक्रेटरीला लोणचं द्यायचं, आणि अर्लकडे आपलं काहीतरी द्यायचं बाकी."

संध्याकाळी घरी आलो तेव्हा नेलेल्यापेक्षा जास्त भांडी घेऊन आलो होतो. वाक्य कुठेच म्हणून झालं नव्हतं. शुक्रवारीही तसंच. आणि दोन्ही दिवस काकूंनी एक घर टाळलं.

"डोरथीकडे?" मी विचारलं.

"उद्या."

"काल पण उद्याच म्हणालात."

"तिच्या दाराला बेल नाही," काकू म्हणाल्या. "हाक मारावी लागते. आणि हाक मारली की ती इतकी खूश होते, की पुढचं बोलताच येत नाही."

काका पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. "सू," ते म्हणाले, "ज्या बाईला भांडं परत करता येत नाही, ती गाव परत कसं करणार?"

"तुम्ही पेशंटला सांगा आधी. मग मला सांगा."

काकांनी पेपर पुन्हा वर धरला.

शनिवारी मिरवणूक निघाली. सगळ्यात पुढे अग्निशमन दलाची गाडी, मागे शाळेचा बँड, मग ट्रॅक्टर. इतके ट्रॅक्टर होते की बघायला माणसं कमी पडतील असं वाटलं. खरंच पडली, कारण निम्मं गाव मिरवणुकीतच होतं. मिरवणूक त्या टोकाला पोचल्यावर वळून परत आली, म्हणजे पहिल्या निम्म्याला दुसरं निम्मं बघता आलं. सासू-पक्षाच्या ट्रेलरवर अर्लची बायको काळा झगा घालून खुर्चीत बसली होती आणि जावयाला बोट दाखवून दटावत होती. त्याच्या पुढे खेचर-पक्षाचं खरंखुरं खेचर होतं, डोक्यावर लेसची टोपी घातलेलं. ते बंद थिएटरसमोर आलं आणि उभं राहिलं. साखरेने हललं नाही, गाजराने हललं नाही.

"काय करतंय ते?" मी काकांना विचारलं.

"इतिहास सिद्ध करतंय," काका म्हणाले. "इंजिनिअरचं खेचर इथेच अडलं आणि म्हणून स्टेशन इथे झालं, असं त्या पक्षाचं म्हणणं आहे."

मागून सासू ओरडत होती. अखेर काकूंनी पर्समधून गुळाचा खडा काढला. खेचराने तो चघळला, विचार केला आणि चालू लागलं. काकूंसाठी टाळ्या पडल्या. मला वाटलं, आता यांना सांगणं आणखी अवघड जाणार.

संध्याकाळी अग्निशमन दलाच्या शेडमध्ये गावजेवण होतं. गाड्या बाहेर काढून आत लांबच लांब टेबलं मांडली होती. प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा. कुणी काय आणायचं हे कधीच बोललं जात नाही आणि कधी चुकतही नाही. शेवया-चीज, भाजलेले बीन्स, बटाट्याचं सॅलड. आणि टेबलाच्या मधोमध डोरथीची प्रसिद्ध हिरवी जेली. लिंबाच्या हिरव्यागार, थरथरत्या जेलीत किसलेलं गाजर अडकलेलं असतं, आपली कोशिंबीर काचेत बंद करून ठेवावी तसं. काकू या जेलीला इतकी वर्षं यशस्वीपणे चुकवत आल्या होत्या. आज उपास आहे, एवढं सांगितलं की भागायचं. डोरथीने तर त्यांच्या उपासांचं कॅलेंडरच बनवायला घेतलं होतं.

जेवणाच्या आधी डोरथी आमच्याकडे आली. उंच, ताठ, पांढऱ्या केसांची बाई. हातात काकूंचा डबा होता, त्यांच्या लग्नातला. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं, 'चि. सौ. कां. सुशीलास मामांकडून सप्रेम भेट'. डोरथीला ती नक्षी वाटायची. खाली तिने स्वतःची चिकटपट्टी लावली होती, 'सू'. डबा चांदीसारखा घासलेला होता.

"हा तुझा," ती म्हणाली.

काकूंनी डबा हातात घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. ज्या बाईने आयुष्यभर डबे उचललेत तिला उघडून बघावं लागत नाही. तरी त्यांनी झाकण काढलं. आत काहीच नव्हतं. आमच्या टेबलावरचं बोलणं थांबलं, मग शेजारच्या, मग त्याच्या शेजारच्या. मर्टलमध्ये असं काही घडलं नव्हतं.

"रिकामा?" काकू म्हणाल्या.

"प्लेनोच्या घरांची माहितीपत्रकं पोस्टात आली, तेव्हापासून गावाला माहीत आहे," डोरथी म्हणाली. "मी म्हटलं, तुला सांगायला जड जात असेल. पोस्टात सांगता आलं नाही, मनोऱ्यात सांगता आलं नाही, माझ्याकडे तर आलीच नाहीस. मी यात काही भरलं असतं, तर उद्या तू ट्रक भरायचा सोडून तळत बसली असतीस. म्हणून रिकामा. आता आपलं देणंघेणं पुरं झालं. तू मोकळी झालीस, सू."

तिने शब्द नीट तोलून, पाठ केल्यासारखे म्हटले. तिनेही तालीम केली असणार. काकांनी दाढी चाचपली आणि ते छताकडे बघू लागले. अर्ल बूट बघत होता.

काकूंनी डब्यात पाहिलं, मग डोरथीकडे.

"मी तुला काय शिकवलं होतं?" त्या म्हणाल्या.

"की रिकामं देत नाहीत."

"मग?"

"पण तुला जायचंय."

"जायचं की नाही ते मी बघेन. पण इतक्या वर्षांनी मला रिकामा डबा? सगळ्या गावासमोर?" काकूंनी डबा पुढे धरला. "भर."

"काय भरू?"

काकूंनी टेबलावर नजर फिरवली. समोर जी होती ती होती.

"ती हिरवी."

"आज तुझा उपास नाही?"

"नाही," काकू म्हणाल्या. "भर म्हटलं ना."

डोरथीने मोठा चमचा घेतला आणि डबा काठोकाठ भरला. जेली थरथरत होती. काकूंनी झाकण दाबून लावलं, खुर्चीत बसल्या आणि डबा मांडीवर घट्ट धरला. मग अर्ल म्हणाला की जेवण गार होतंय, आणि सगळे एकदम बोलायला लागले. हवेबद्दल.

आम्ही घरी आलो. स्वयंपाकघरात शिरल्यावर काकूंनी पदर खोचला आणि रवा चाळायला घेतला.

"आता काय करतेस?" काकांनी विचारलं.

"तिला परत द्यायला नको का काही?"

"सोमवारी निघायचंय."

"मग सोमवारी निघून कसं चालेल?" काकू म्हणाल्या. "करंज्यांना एक दिवस जाणार. मग अर्लचं बाकी आहे. सेक्रेटरीचं लोणचं पोचवायचंय. तुमचा तो गुडघा ऑक्टोबरमध्ये यायचाय. तुम्ही त्या ट्रकवाल्याला फोन करा आणि कॅन्सल करा."

काकांनी दाढी खाजवली. "ट्रक मी बुकच केला नव्हता."

आम्ही दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"म्हटलं, तुझी भांडी परत करून झाली की करू."

"आणि प्लेनोचा दवाखाना?" मी विचारलं.

"त्यांना मी सप्टेंबर सांगितलाय. कुठल्या वर्षीचा ते नाही सांगितलं."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"मराठी बोलायला," काका म्हणाले. "मी एकटा पुरत नाही, ते मलाही कळतं."

काकू चाळणी हातात धरून हसायला लागल्या आणि डोळेही पुसायला लागल्या, त्यामुळे रवा सगळीकडे झाला. जेली आम्ही तिघांनी मिळून संपवली. पहिला घास काकूंनी घेतला. वाईट नव्हती. म्हणजे, होती. पण संपली.

सोमवारी ट्रकऐवजी बसने निघालो. पोत्यासारखी फुगलेली बॅग होती, कारण वाटेत खायला म्हणून अर्धं गाव येऊन गेलं. जर्सी सिटीला नलूताईने बॅग उघडली तेव्हा तळाशी एक काचेचं भांडं निघालं, बुडाला चिकटपट्टी, 'अर्ल'. आत झुकिनीचा केक.

"हे परत कसं करायचं?" ताईने विचारलं.

"ते सोड," मी म्हणालो. "आत काय भरायचं ते ठरव."

तिने चकल्या पाठवल्या. मी पुण्याला परत आलो. नायगारा मी अजून पाहिलेला नाही. पण लाडूचा डबा हातात आला की आजही मी आधी तो वजनाने तोलतो.

त्या सप्टेंबरला बरीच वर्षं लागली. काका रिटायर झाले, मग दोघं अजितजवळ प्लेनोला गेले. तिथे काकूंना मराठी भरपूर मिळालं. आता तक्रार अशी की शेजारची बाई भांडं धुऊन, पुसून, रिकामं परत करते. मर्टलमध्ये पुढे नवी डॉक्टरीण आली. तिला पहिल्या आठवड्यात पद्धत समजावून सांगितली गेली. डोरथी गेली, पण डबा तिच्या मुलीकडे गेला आणि फेऱ्या चालूच राहिल्या. खालची चिकटपट्टी ती दर वर्षी बदलते.

रुबार्बचा मुरांबा दोन दिवसांत संपेल असा काकांचा अंदाज आहे, मात्र त्यांचा वेग पाहता काकूंना तो एकाच दिवसाचा वाटतो. त्यानंतर डब्यात काय जाणार यावर घरात मतभेद आहेत. काकांच्या मते करंज्या कुरियरमध्ये मोडतील. काकूंच्या मते डोरथीच्या मुलीला मोडलेल्याही चालतील. सारण कालच भाजून झालं आहे. डबा सोमवारी सकाळी निघेल.